साठा, पेव आणि सांडवा

दरवर्षी जुलै महिना उजाडला की मराठी वृत्तपत्रांच्या भाषेला एक निराळे तेज चढते. बारवी, भातसा, तानसा, मोडकसागर ही नावे ठळक अक्षरांत येतात आणि त्यांच्या मागोमाग एक अत्यंत नेमकी शब्दावली अवतरते : एकूण साठा, उपयुक्त साठा, मृत साठा, पाणलोट क्षेत्र, आवक, विसर्ग, सांडवा. ठाण्यातला किंवा डोंबिवलीतला कोणताही वृत्तपत्रवाचक हे शब्द सहज वाचतो. धरण सत्तर टक्के भरले म्हणजे उपयुक्त साठा सत्तर टक्के झाला, तळाचे जे पाणी दरवाज्यांवाटे बाहेर काढता येत नाही ते त्यात धरलेले नाही, आणि भिंतीपाशी पाणी काठोकाठ आले की सांडव्यावरून ते वाहू लागणार, एवढे त्याला ठाऊक असते. हे ज्ञान त्याला कोणत्याही पाठ्यपुस्तकाने दिलेले नाही. ते भाषेने दिले आहे.

त्याच वृत्तपत्राचे अर्थविषयक पान उघडावे. ही नेमकी भाषा तेथे एकाएकी आंधळी होते. 'तेलसाठा' हा एकच शब्द तीन सर्वस्वी भिन्न गोष्टींसाठी राबताना दिसतो. १९७४ साली 'सागर सम्राट'च्या वेधनातून मुंबईच्या समुद्रात जे हाती लागले तो तेलसाठा, म्हणजे भूगर्भातला, अजून वर न काढलेला. माहूलच्या टाक्यांत एखाद्या दिवशी प्रत्यक्ष भरलेले असते तोही तेलसाठा. आणि त्या टाक्यांत अधिकात अधिक किती मावेल ती जागा, हीसुद्धा बातमीच्या ओघात तेलसाठाच होऊन बसते. पहिली निसर्गाची ठेव, दुसरी व्यापाऱ्याची शिल्लक, तिसरी निव्वळ पोकळी. अर्थतज्ज्ञ यांची गल्लत करीत नाहीत. त्यांच्या इंग्रजीत तीन वेगळे शब्द आहेत. गल्लत मराठीत होते, आणि म्हणून ती आमच्यासारख्या भाषेचा व्यवसाय करणाऱ्यांच्या दारात आणून टाकावी असे आम्हांस वाटते.

एक उदाहरण घेऊ. भारताने विशाखापट्टणम, मंगळुरू आणि उडुपी जिल्ह्यातील पाडूर येथे खडकात भुयारे खोदून कच्च्या तेलाची कोठारे उभारली. त्यांची क्षमता अनुक्रमे १३.३ लाख, १५ लाख आणि २५ लाख टन, एकूण ५३.३ लाख टन. देशाची सुमारे साडेनऊ दिवसांची गरज भागेल एवढे तेल त्यांत मावते, असे सरकारने संसदेत अनेकदा सांगितले आहे. आता हे वाक्य 'भारताकडे साडेनऊ दिवसांचा तेलसाठा' असे छापले की काय होते पाहा. जे मावू शकते ते आहेच असे वाचक समजतो. बारवीची भिंत किती उंच हे सांगून बारवीत पाणी किती हे सांगितल्याचा आव कोणी आणला, तर दुसऱ्या दिवशी वाचकांची पत्रे येतील. तेलाच्या बाबतीत एकही पत्र येत नाही. शिवाय तेल कंपन्यांच्या स्वतःच्या टाक्यांतील कच्चे तेल आणि शुद्ध इंधने धरली तर हा आकडा चौऱ्याहत्तर दिवसांवर जातो. म्हणजे एकाच देशाचा साठा एका बातमीत साडेनऊ दिवस आणि दुसऱ्या बातमीत चौऱ्याहत्तर दिवस असतो, आणि दोन्ही बातम्या आपापल्या परीने खऱ्या असतात. पुन्हा 'दिवस' हे मापच मुळात लवचिक. गाड्या वाढल्या की टाकीतला थेंबही न हलता दिवस कमी होतात.

याहून खोल अडचण आहे ती 'वाढणे' या क्रियापदाची. आपल्या भाषेला रिकामेपणाचे भय आहे. रिकामा माणूस, रिकामटेकडा, रिकाम्या हाती, रिकामे उद्योग, सारे शब्द हिणवणारे. भरलेले ते शुभ : भरले घर, भरली कणगी, भरली ओटी. डब्यातले तांदूळ संपले तरी 'संपले' म्हणू नये, 'वाढले' म्हणावे, असा संकेत जुन्या घरांतून पाळला जाई. अशा भाषेत 'साठे वाढले' हे शब्द वाचले की मन आधी सुखावते आणि मग अर्थ शोधते. धरणांच्या पानावर ते सुखावणे रास्तच असते. तेलाच्या पानावर मात्र साठे वाढले याचा अर्थ बहुधा असा की कोणीतरी विकत घेणे थांबवले आहे. २०२५ मध्ये ओपेक आणि तिच्या साथीदार देशांनी उत्पादन वाढवले, जगातले साठे वाढू लागले, त्या वर्षाच्या उत्तरार्धात तर समुद्रावर जहाजांत तरंगणाऱ्या तेलाचे प्रमाणही बरेच चढले. आयात करणाऱ्याला ही बातमी गोड, विकणाऱ्याला कडू. मराठी मथळा मात्र दोघांसाठी एकच, आणि त्यात चव कोणतीच नाही.

या दुबळेपणाची खरी परीक्षा २० एप्रिल २०२० रोजी झाली. त्या दिवशी न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात अमेरिकी कच्च्या तेलाचा मे महिन्याचा भाव पिंपामागे उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला. विकणारा पैसे देऊन वर माल देऊ करीत होता. आपल्याकडे 'तेल पाण्यापेक्षा स्वस्त' अशा धर्तीच्या चमत्कृतीपलीकडे फारसे कोणी गेले नाही. वास्तविक घडले ते कोणत्याही धरणकाठच्या शेतकऱ्याला पाच मिनिटांत समजावे असे होते. या वायद्याचा माल ओक्लाहोमा राज्यातील कुशिंग नावाच्या गावी ताब्यात घ्यावा लागतो. कुशिंग समुद्रापासून दूर, चहूबाजूंनी नळ येऊन मिळणारे, टाक्यांचे गाव. तेथील वापरता येण्याजोगी क्षमता सुमारे ७ कोटी ६० लाख पिंपांची. टाळेबंदीमुळे जगाने गाड्या उभ्या केल्या होत्या, विहिरी मात्र चालू होत्या, आणि नळांतून आवक थांबत नव्हती. त्या आठवड्यात टाक्यांत सुमारे सहा कोटी पिंपे होती. म्हणजे टाक्या पूर्ण भरल्या नव्हत्या, पण उरलेली जागा आधीच कोणी ना कोणी भाड्याने धरून ठेवली होती. ज्याच्या हाती वायद्याचा कागद होता आणि टाकी नव्हती, त्याला एका कागदामागे हजार पिंपे काळे द्रव्य दारात उतरवून घ्यावे लागणार होते. धरण भरत होते आणि त्याला सांडवा नव्हता. पाणी नदीत सोडता येते. तेल सोडता येत नाही. भाव उणे होणे म्हणजे सांडवा खोदण्याची मजुरी, एवढेच.

ही परक्या मुलखातली गोष्ट मुंबईत किती जवळ येऊन ठेपली, हेही सांगितले पाहिजे. येथील मल्टी कमोडिटी एक्स्चेंजवर याच भावाला बांधलेला रुपयांतला वायदा चालतो. त्यात तेल कोणी कोणाला देत नाही, फक्त भावातला फरक चुकता होतो. टाळेबंदीमुळे त्या दिवसांत येथील व्यवहार संध्याकाळी पाचला थांबत. पाचला ज्यांनी पडदे बंद केले त्यांच्यापुढचा भाव शून्याच्या वर होता. न्यूयॉर्कची घसरण झाली तेव्हा येथे रात्र होती. अखेर वायदा पिंपामागे उणे २,८८४ रुपयांना मिटवला गेला, दलाल मंडळी मुंबई उच्च न्यायालयात गेली. ज्यांनी 'शून्याच्या खाली काय जाणार' म्हणून स्वस्तात खरेदी केली होती, त्यांनी आयुष्यात कच्च्या तेलाचा थेंब पाहिलेला नव्हता. ओक्लाहोमातल्या टाक्यांत जागा उरली नाही, याची किंमत त्यांनी अंधेरी-बोरिवलीत, ठाण्या-कल्याणात बसून मोजली. कथालेखकाने जुळवून आणली तर अविश्वसनीय वाटावी अशी ही गोष्ट आहे. ती मराठीत लिहिली गेलेली आमच्या पाहण्यात नाही.

त्याच सुमारास दुसऱ्या बाजूचा धडाही मिळाला. २०२० च्या एप्रिल-मे महिन्यांत भारताने आपल्या भुयारांतली रिकामी जागा भरून घेतली. १ कोटी ६७ लाख पिंपे, सरासरी १९ डॉलरच्या भावाने. जानेवारीतल्या साठ डॉलरच्या भावाशी तुलना करता यात सुमारे ५,००० कोटी रुपये वाचले, असे सरकारने पुढे सांगितले. तेल स्वस्त होते म्हणून पैसे वाचले, हे अर्धेच खरे. जागा रिकामी होती म्हणून वाचले. भुयारे आधीच काठोकाठ भरलेली असती तर त्या स्वस्ताईचा काडीचाही उपयोग नव्हता. येथे रिकामेपण हीच संपत्ती होती, आणि नेमका हाच विचार आपल्या भाषेच्या अंगवळणी नाही. सामान्य वाहनचालकाला मात्र त्या स्वस्ताईचा वास लागला नाही. मे २०२० मध्ये केंद्राने पेट्रोलवर लिटरमागे १० आणि डिझेलवर १३ रुपये उत्पादनशुल्क वाढवले. 'तेल फुकट झाले' या मथळ्याने सुखावलेल्या वाचकाला पंपावरचा आकडा का हलत नाही हे विचारायलासुद्धा नीट शब्द सापडले नाहीत. तो 'सरकार लुटते' किंवा 'देशासाठी सोसावे' या दोन टोकांतच घुटमळला.

मृत साठा ही संकल्पना तेलाच्या टाकीलाही जशीच्या तशी लागू पडते. टाकीच्या तळाशी पाणी आणि गाळ बसतो, उपसणाऱ्या नळाचे तोंड त्याच्या वर असते, त्यामुळे तळाचा थर हिशेबात असतो आणि हातात येत नाही. कच्च्या तेलाच्या मोठ्या टाक्यांना आपण समजतो तसे पक्के छप्पर बहुधा नसते. छप्पर तेलावरच तरंगते, तेलाबरोबर चढते-उतरते, म्हणजे मध्ये वाफ साठायला पोकळी राहत नाही. याचा एक मौजेचा परिणाम असा की, छप्पर खाली गेले की टाकीच्या कडेची सावली आत पडते. आता उपग्रहांवरून त्या सावल्या मोजून कोणत्या देशात किती तेल आहे याचे अंदाज विकले जातात. सावलीवरून आशय ओळखण्याचा हा उद्योग साहित्याच्या विद्यार्थ्याला अपरिचित वाटू नये. फरक इतकाच की, तेथे चुकीच्या वाचनाला दंड बसतो.

आपल्या घराजवळचा तेलसाठा म्हणजे पेट्रोलपंपाच्या फरशीखाली पुरलेली टाकी. पंपावरचा कर्मचारी झाकण उघडून आत खुणा असलेली दांडी सोडतो, ओल कुठवर आली ते पाहतो आणि तक्त्यावरून लिटर काढतो. ही दांडी म्हणजे आपल्या तेलजीवनातली बहुधा एकमेव डोळ्यांना दिसणारी मोजणी. जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत तिचे महत्त्व सर्वांना कळले. भारतीय न्याय संहितेतील अपघात करून पळून जाण्याविषयीच्या तरतुदीविरुद्ध मालवाहू वाहनांच्या चालकांनी काम थांबवले, त्यांत तेलाच्या टँकरचे चालकही होते, आणि ठाण्या-मुंबईपासून नागपूरपर्यंत पंपांपुढे रांगा लागल्या. देशात तेल कमी झाले नव्हते. शुद्धीकरण कारखान्यांच्या टाक्या भरलेल्याच होत्या. माहूलच्या टाकीतून ठाण्याच्या फरशीखालच्या टाकीत तेल आणणारा माणूस तेवढा आला नव्हता. धरण भरलेले आणि नळ कोरडा, हा अनुभव ठाणे जिल्ह्याला नवा नाही. पण त्या दोन दिवसांत जो तो 'तेल संपले' असेच म्हणत होता.

मराठी तेलाच्या बाबतीत नेहमीच अशी मुकी होती का? मुळीच नाही. तेल पत्र्याच्या डब्यातून घरात येत होते तोवर या भाषेने त्याला हव्या त्या आकाराचे शब्द घडवले. 'रॉक ऑइल'चे रॉकेल केले. 'गॅसलाइट'चे घासलेट केले, आणि घासलेटच्या वासावरून वाङ्मयालाच 'घासलेटी' हे विशेषण बहाल करून समीक्षेच्या उपयोगी पाडले. रिकामा झालेला डबा धान्याचा झाला, पाण्याचा झाला, तुळशीची कुंडी झाला. रॉकेलची रांग, रॉकेलचे कार्ड, चिमणी, कंदील, स्टोव्ह, आणि स्टोव्हच्या भडक्याबरोबर येणारी ती सासुरवाशिणीची बातमी, हे सारे आपल्या कथा-नाटकांत आले. तेल जोवर दिसत होते, हाताला लागत होते, वास मारत होते, तोवर साहित्यातही होते. १९५४ आणि १९५५ साली तुर्भ्याला दोन मोठे शुद्धीकरण कारखाने सुरू झाले, बुचर बेटाच्या धक्क्याला तेलाची जहाजे लागू लागली, आणि हळूहळू तेल भिंतीआड गेले. ते टाकीत गेले, नळात गेले, भुयारात गेले. तेव्हापासून भाषेने त्याच्यासाठी एकही शब्द घडवलेला नाही. 'कच्चे तेल' हा शब्दसुद्धा भाषांतराच्या टेबलावर जन्मला आहे, स्वयंपाकघरात नव्हे. कच्चे म्हणजे काय, न तळलेले?

अमिताव घोष यांनी १९९२ मध्ये अब्दुर्रहमान मुनीफ यांच्या 'सिटीज ऑफ सॉल्ट' या कादंबरीमालेवर लिहिताना 'पेट्रोफिक्शन' ही संज्ञा वापरली आणि प्रश्न विचारला की, मसाल्याच्या व्यापाराने एवढे साहित्य दिले तर तेलाच्या गाठीभेटीने जवळजवळ काहीच का दिले नाही. त्यांनी शोधलेली कारणे अरबी आणि अमेरिकी बाजूंची आहेत : दोघांनाही त्या गाठीभेटीचा संकोच, आणि ती घडते ती जागाच बहुभाषी, उपरी, कोणाचीच नसलेली. आमचे म्हणणे थोडे वेगळे आहे. मराठीत तेल आले होते. ते पुढे निघून गेले. न आलेल्या पाहुण्याची आणि उठून गेलेल्या पाहुण्याची कारणमीमांसा एक असू शकत नाही. आपल्याकडे संकोच नव्हता. साठवणीची जागा नजरेआड झाली, आणि नजरेआडच्या गोष्टीला नाव देण्याचे काम आपण कार्यालयीन परिभाषेवर सोपवले.

आणि गंमत अशी की, नजरेआडच्या साठवणीसाठी मराठीत एक जुना, खणखणीत शब्द पडून आहे. पेव. जमिनीत खोल खणलेले, तोंडाशी निमुळते, आत फुगीर असे धान्याचे तळघर. सांगलीजवळच्या हरिपूरला हळदीची अशी पेवे शेकड्यांनी होती. वर्षानुवर्षे त्यांत हळद राहत असे, कारण आत हवा खेळत नाही आणि कीड जगत नाही. त्याच कारणाने पेव उघडल्याबरोबर आत उतरणाऱ्याचा जीव जाऊ शकतो. तोंड उघडून काही काळ वाट पाहावी लागते. वर जमीन सपाट, खाली लाखो रुपयांचा माल, आणि बाजार चालतो तो वरच्या कागदांवर. २००५ च्या महापुरात कृष्णेचे पाणी या पेवांत शिरले आणि हळदीबरोबर एक साठवणपद्धतीच बव्हंशी बुडाली. आज 'पेव' हा शब्द उरला आहे तो 'शिकवणी वर्गांचे पेव फुटले' अशा वाक्प्रचारात. जमिनीखालून एकदम इतके कसे बाहेर आले, हे आश्चर्य त्या शब्दात अजून जिवंत आहे. पेव पाहिलेले डोळे मात्र उरलेले नाहीत.

पाडूर आणि मंगळुरूची भुयारे ही शब्दशः पेवे आहेत. त्यांना आतून पोलादाचे अस्तर नाही. खडकाच्या भेगांतून तेल बाहेर का पाझरत नाही, तर भोवतीच्या खडकात पाण्याचा दाब तेलापेक्षा जास्त राखलेला असतो. पाणी सतत आत पाझरते, तळाशी जमते आणि उपसले जाते. तेल बाहेर पडू शकत नाही. तेलाला पाण्याने कोंडलेले आहे. परिभाषा समिती यांना 'भूमिगत सामरिक कच्चे तेल साठवणूक सुविधा' म्हणणार, आणि तसे म्हणताच ऐकणाऱ्याचे लक्ष उडणार. 'तेलाचे पेव' म्हणा. लगेच पुढचे प्रश्न आपोआप सुचतात : पेव कोणाचे? आत किती आहे? केव्हा उघडायचे? पाणी शिरले तर? उघडल्यावर आत कोण उतरणार?

'पेव कोणाचे' हा प्रश्न काल्पनिक नाही. २०१८ मध्ये अबू धाबीच्या राष्ट्रीय तेल कंपनीने मंगळुरूच्या भुयारात आपले तेल आणून ठेवले. जागा आपली, तेल त्यांचे. अडचणीच्या वेळी पहिला हक्क आपला, असा करार. आणि 'केव्हा उघडायचे' हा प्रश्न तर मराठी मनाला पाचशे वर्षांहून जुना आहे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा ज्याने ऐकली नाही असा मराठी माणूस विरळा. दुष्काळात त्यांनी बिदरच्या बादशहाचे धान्यकोठार स्वतःच्या जबाबदारीवर उघडले, आणि कथेत विठ्ठलाला महाराचे रूप घेऊन मोहरा भराव्या लागल्या. भक्तीचा भाग क्षणभर बाजूला ठेवला तर ही कथा साठ्याच्या राजकारणाची आहे. कोठार राखणाऱ्याला ते उघडण्याचा अधिकार आहे का? उघडले तर किंमत कोणी चुकती करायची? नोव्हेंबर २०२१ मध्ये भाव चढले तेव्हा अमेरिकेच्या पुढाकाराने काही देशांनी आपापली कोठारे थोडी सैल करण्याचे ठरवले, भारताने ५० लाख पिंपे काढण्याचे जाहीर केले. आणीबाणी नव्हती, युद्ध नव्हते, फक्त भाव चढा होता. त्यासाठी कोठार उघडणे योग्य होते की नाही, यावर दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखे पुष्कळ होते. दामाजीपंतांची कथा पाठ असलेल्या समाजात त्यावर चर्चा झाली नाही, कारण बातमी आली तीच मुळी 'सामरिक साठ्यातून तेलमुक्ती' अशा भाषेत.

शब्द नसण्याची झळ शेवटी बसते ती साठ्याच्या शेजाऱ्यांना. माहूलला टाक्यांच्या सावलीत मुंबईभरच्या प्रकल्पग्रस्तांना घरे देण्यात आली. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्येच माहूल-आंबापाड्याच्या हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका असल्याचे मान्य केले होते; २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्रकल्पग्रस्तांना तेथे बळजबरीने पाठवण्यास मनाई केली. तेथील माणसे वर्षानुवर्षे 'वास येतो' एवढेच सांगत होती. वास हा पुरावा होत नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये बुचर बेटावरच्या डिझेलच्या टाकीवर वीज पडली आणि ती काही दिवस जळत राहिली. धूर साऱ्या मुंबईने पाहिला, त्यानिमित्ताने बेटावर टाक्या आहेत हे अनेकांना पहिल्यांदा कळले. शिवडीच्या चिखलात दर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. त्यांच्यावर मराठीत ललित लेखांचे पेवच फुटले आहे. त्या प्रत्येक छायाचित्रात पक्ष्यांच्या मागे तेलाच्या टाक्यांची रांग असते, आणि लेखात ती कधीही नसते. डोळा जे पाहतो ते गाळण्याची कला आपण सौंदर्यदृष्टी म्हणून शिकवतो, हे जरा कठोर बोलणे झाले, पण मागे घेण्याचे कारण दिसत नाही.

मनमाडजवळच्या पानेवाडीला तेल कंपन्यांची मोठी साठवणकेंद्रे आहेत. २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तेथे भेसळखोरांनी जिवंत जाळले. साठवणीच्या टाकीपासून पंपाच्या टाकीपर्यंतच्या रस्त्यात जो एक काळा प्रदेश आहे, त्यावर त्या दिवशी उजेड पडला. 'तेलमाफिया' हा शब्द घरोघर गेला. महिनाभराने उजेड गेला आणि शब्द तेवढा उरला, तोही उसनाच.

आम्ही हे कोलशेतहून लिहीत आहोत, म्हणून या जागेविषयी दोन शब्द. कोलशेतच्या एका अंगाला उल्हास नदीची खाडी आहे. येथे सँडोझचा, पुढे क्लॅरियंट झालेला, रंग-रसायनांचा कारखाना होता. कारखाना गेला, जमीन विकली गेली आणि तेथे निवासी मनोरे उभे राहिले. रसायन आणि तेल उद्योगात टाक्यांच्या समूहाला 'टँक फार्म' म्हणतात. ज्या गावाच्या नावातच शेत आहे तेथे या शब्दाचे 'टाक्यांचे शेत' असे सरळ मराठी कोणी केले नाही, याची आम्हांला उगाच चुटपुट लागते. आता मनोऱ्यांच्या माहितीपत्रकांत खाडीचे दृश्य विकले जाते. जमिनीच्या पोटात आधी काय साठवले होते, या प्रश्नाला त्या गुळगुळीत कागदावर जागा नसते. रहिवाशांच्या गप्पांतही तो येत नाही, कारण विचारायचा तर कोणत्या शब्दांत?

कोणी म्हणेल, शब्दांनी भाव उतरत नाहीत आणि टाक्याही हलत नाहीत. खरे आहे. धरणांच्या शब्दावलीनेही पाऊस पडत नाही. पण ऐन उन्हाळ्यात 'उपयुक्त साठा इतका असताना पाणीकपात का' असा प्रश्न ठाण्यातली गृहिणी पालिकेला विचारते आणि अधिकाऱ्याला आकड्यांनी उत्तर द्यावे लागते, ते त्या शब्दावलीमुळेच. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : पाण्याची भाषा तेलाला लावली तर तेलही पाण्यासारखे निसर्गदत्त, दर पावसाळ्यात भरून येणारे वाटू लागेल. हा धोका आम्ही मानतो. म्हणूनच आवक, विसर्ग, मृत साठा हे शब्द धरणाकडून घ्यावेत आणि कोठारासाठी मात्र पेव वापरावे, असे आम्हांस वाटते. धरण पुन्हा भरते. पेवात जे आहे ते कोणीतरी विकत घेऊन, मोजून, आत उतरवलेले असते.

मराठीच्या पदव्युत्तर वर्गात 'व्यावहारिक मराठी' नावाचा एक पेपर असतो. त्यात बातमीचे भाषांतर करायला देतात, आणि बातमी बहुधा एखाद्या उद्घाटनाची असते. आमची सूचना एवढीच आहे की, अमेरिकेच्या ऊर्जा माहिती प्रशासनाकडून दर बुधवारी कच्च्या तेलाच्या साठ्याचा जो साप्ताहिक तक्ता निघतो, तो एकदा वर्गात वाटावा, आणि सोबत कोणत्याही जुलै महिन्यातले धरणांचे कोष्टक. विद्यार्थ्यांनी पहिल्याचा मजकूर दुसऱ्याच्या भाषेत लिहून काढावा. 'साठा' हा शब्द एकट्याने, विशेषणाशिवाय, वापरला तर एक गुण कापावा.